लाइट जातोय!

नऊ दिवस आमच्या घरात खोबरेल तेलाची बाटली हलवायला बंदी होती.

बाटली तशी संपलेलीच. तळाशी दोन बोटं तेल उरलं की मी ती झाकणावर उलटी करते आणि हॉलच्या खिडकीत ग्रिलला टेकवून ठेवते. रात्रीतून तेल खाली उतरतं आणि आणखी चार वेण्या सहज निघतात. माझी आई असंच करायची, बहुधा तिची आईही करत असणार. यात काही कला आहे असं आमच्या घराण्यात कुणाला वाटलं नव्हतं. पण दुपारी चारच्या सुमाराला त्या बाटलीतून उन्हाचा एक पिवळा कवडसा भिंतीवर पडतो, तो आमच्या भाचीनं पाहिला आणि माझे केस नऊ दिवस कोरडे राहिले.

भाची म्हणजे सांगलीच्या माझ्या बहिणीची मुलगी. फोटोग्राफी शिकायला मुंबईत आली, ती हॉस्टेल मिळेपर्यंत डोंबिवलीला आमच्याकडे राहते. 'मिळेपर्यंत'ला आता आठ महिने झाले. पोर गुणी आहे, स्वतःचं ताट घासते, सासूबाईंना वर्तमानपत्र वाचून दाखवते. फक्त तिच्या वर्गाला या सत्राला विषय मिळाला: स्वतःची जागा, आसरा आणि रोजच्या वापरातल्या वस्तू. मुंबईत समुद्र आहे, किल्ले आहेत, गेला बाजार फ्लेमिंगो आहेत. पण नाही. सरांनी सांगितलं, राहता तिथलंच शोधा. राहता तिथलं म्हणजे आमचं ४३० चौरस फूट.

पहिल्याच संध्याकाळी ती वही घेऊन माझ्यासमोर बसली. "मावशी, या घरात तुझी पर्सनल स्पेस कुठली?"

मी मटार सोलत होते. प्रश्न नीट कळायलाच पाच-सहा शेंगा गेल्या.

बाकीच्यांचं सांगणं सोपं होतं. ह्यांची जागा म्हणजे टीव्हीखालचा ड्रॉवर. त्यात तीन मेलेले रिमोट, कुठल्याच फोनला न लागणारे चार्जर आणि एक अख्खा पितळी नळ 'लागेल कधीतरी' या कलमाखाली सुरक्षित आहे. सासूबाईंची दिवाणाखालची पत्र्याची पेटी, जिची किल्ली कुठे असते ते त्यांना आणि देवाला ठाऊक. मुलाची जागा त्याच्या दोन कानांच्या मधोमध. हेडफोन लावला की तो घरात असून नसतो. आणि माझी? बाथरूम म्हणावं, तर चौथ्या मिनिटाला दारावर थाप पडते. ओटा म्हणावं, तर तिथे सगळे उभ्यानं येऊन काहीतरी तोंडात टाकत असतात. शेवटी म्हटलं, "सकाळच्या लोकलमध्ये, लेडीज डब्यात, दारापासून तिसरी. उभं राहायची."

तिनं ते लिहून घेतलं. मी म्हटलं, खोड ते. तर म्हणाली, "असू दे मावशी, फार सुंदर आहे." त्या जागेत ती एकदा ठाण्यापर्यंत उभी राहिली असती तर सुंदर हा शब्द तिला सुचला नसता.

दुसऱ्या दिवसापासून घराला कर्फ्यू लागला. दारामागची पिशव्यांची पिशवी काढायची नाही. कॅलेंडरवरच्या दुधाच्या खुणांवर आजची खूण करायची नाही, कारण कालपर्यंतच्या खुणांची रचना चांगली जमली आहे. ह्यांनी चष्मा काढून पेपरवर ठेवला की तो तिथेच राहील. ह्यांना दिसो न दिसो. एका दुपारी ती हॉलमधून ओरडली, "कुणी मध्ये येऊ नका, लाइट जातोय!" हे तडक उठले, मीटरच्या पेटीपर्यंत गेले आणि परत येऊन म्हणाले, "पंखा तर चालू आहे." डोंबिवलीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला लाइट जाण्याचा एकच अर्थ माहीत असतो.

मग फ्रिजची पाळी. फ्रीझरचं दार उघडं टाकून ती समोर स्टुलावर बसली आणि वीस मिनिटं आत बघत राहिली. विजेचं बिल मी भरते, म्हणून विचारलं. तर कळलं, विल्यम एगलस्टन नावाच्या अमेरिकन माणसानं सत्तरच्या दशकात असाच बर्फ चढलेला, ठासून भरलेला फ्रीझर टिपला आहे. १९७६ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याच्या रंगीत फोटोंचं प्रदर्शन लागलं, तेव्हा समीक्षकांनी कंटाळवाणं म्हणून झोडपलं. आता मात्र रंगीत फोटोग्राफीचं नाव काढलं की त्याचं नाव आधी घेतात. आमच्या फ्रीझरमध्ये श्रीखंडाचे तीन डबे निघाले. एकात खोवलेला नारळ, दुसऱ्यात मटार, तिसऱ्यात कढीपत्ता. तिसरं झाकण उघडल्यावर भाचीच्या चेहऱ्यावर जे दुःख उमटलं ते मी आजवर प्रत्येक पाहुण्याच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. फोटो काढायचाच होता तर त्या चेहऱ्याचा काढायचा.

ढोबळी मिरचीचं प्रकरण याहून वाईट. शनिवारी भरल्या मिरच्या करायच्या म्हणून मी मोजून पाच आणल्या होत्या, माणशी एक. त्यातली सगळ्यांत वाकडी तिनं उचलली आणि माझं जुनं, रॉकेलच्या जमान्यातलं पत्र्याचं नरसाळं माळ्यावरून शोधून काढून मिरची त्यात बसवली. एडवर्ड वेस्टन नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरनं म्हणे १९३० साली नेमकं हेच केलं होतं. तिनं तो फोटो मोबाइलवर दाखवला. मिरची अगदी पाठमोऱ्या, आळोखेपिळोखे देणाऱ्या माणसासारखी दिसते. खरं सांगायचं तर सासूबाईंसमोर बघावा असा फोटो नव्हता.

"मग त्या मिरचीचं पुढे काय झालं?" मी विचारलं.

"सॅलडमध्ये गेली. त्यानंच डायरीत लिहिलंय, मॉडेल खातो म्हणून लोक त्याला चिडवायचे."

"म्हणजे त्याच्या घरी निदान जेवायला तरी मिळालं."

आमची मिरची तीन दिवस नरसाळ्यात राहिली आणि सुरकुतली. शनिवारी ताटं वाढली तेव्हा भरली मिरची एक कमी होती. ती कुणाच्या ताटात नव्हती हे सांगायला नकोच.

बोलता बोलता दयानिता सिंग यांचंही नाव निघालं. त्यांनी सरकारी कचेऱ्यांमधल्या फायलींचे, कापडी गठ्ठ्यांचे, वाकलेल्या रॅकचे फोटो काढले आहेत. २०२२ साली त्यांना हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला, जो फोटोग्राफीत फार मोठा मानतात. फोटो मला आवडले. मी सत्तावीस वर्षं एका कचेरीच्या रेकॉर्ड विभागात बसते. ते गठ्ठे मला नात्यातल्यासारखे वाटले. फक्त फोटोत शिंका येत नाहीत.

खरं युद्ध पेटलं ते केरसुणीवरून.

भाचीला केरसुणी दाराला टेकवून उभी हवी होती, उन्हाची तिरीप नेमकी तिच्यावर पडेल अशी. यामागेही एक साहेब होता. विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट या इंग्रजानं १८४४ साली एक फोटो काढला आणि आपल्या पुस्तकात छापला: उघडं दार, आत काळोख आणि दाराला तिरका टेकवलेला खराटा. फोटोग्राफी जेमतेम जन्मली होती, जगात काढण्यासारखं सगळंच अजून काढायचं बाकी होतं, आणि या गृहस्थाला खराटा दिसला. मला तो माणूस आवडला. पण सासूबाईंच्या लेखी केरसुणी ही लक्ष्मी. ती आडवी, दाराआड, कुणाचा पाय लागणार नाही अशी ठेवायची. लक्ष्मीपूजनाला तिला हळदकुंकू वाहायचं आणि एरवी तिला उभी करायची ती फक्त केर काढताना.

चार दिवस हे चाललं. भाची केरसुणी उभी करून ऊन यायची वाट बघत बसायची. कॅमेऱ्यात काहीतरी फिरवायला मान खाली घातली की सासूबाई चप्पल न घालता, आवाज न करता यायच्या आणि केरसुणी आडवी करून जायच्या. गुडघे दुखतात म्हणून ज्या संडासापर्यंत जाताना तीन वेळा देवाचं नाव घेतात, त्या त्या चार दिवसांत मांजरासारख्या चालत होत्या. शेवटी भाचीनं त्यांना टॅलबटचा फोटो दाखवला, साल सांगितलं, इतक्या मोठ्या माणसानंही उभीच ठेवली होती म्हणाली.

सासूबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिला. म्हणाल्या, "गेलं ना शेवटी त्यांचं राज्य?"

यावर वर्गात काय शिकवतात ते मला माहीत नाही. केरसुणीचा फोटो आडव्या केरसुणीचाच निघाला.

आणि मग तो रविवार. भाचीनं काळ्या कचऱ्याच्या पिशव्यांचं एक भेंडोळं, चिकटपट्टीची तीन रिळं आणून सकाळी नऊला हॉलची खिडकी संपूर्ण बंद केली. स्वयंपाकघराच्या दारावर चादर ठोकली. घरात सुतक असल्यासारखा अंधार. मग तिनं खिडकीवरच्या प्लास्टिकला बोटाएवढं भोक पाडलं आणि म्हणाली, "आता डोळे सरावू देत."

डोळे सरावले आणि मी सोफ्याचा हात धरला. समोरची अख्खी इमारत आमच्या भिंतीवर आली होती. उलटी. आकाश खाली, दिवाणाच्या कडेला. पार्किंगमधल्या स्कूटर वर, छताला लटकलेल्या. रंगासकट. दोरीवरच्या साड्या खालून वर वाळत होत्या. भोकातून प्रकाशाचा किरण सरळ जातो, वरचा खाली पोचतो आणि खालचा वर, एवढंच त्यामागचं गणित. शाळेत आपण सूचीछिद्र कॅमेऱ्याची आकृती काढून दोन मार्क मिळवलेले असतात. पण त्या आकृतीत मेणबत्ती असते. इथे समोरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू वटवाघळासारख्या लोंबकळत टॉवेल झटकत होत्या, आणि त्यांचा टॉवेल आमच्या लग्नाच्या फोटोवरून फिरत होता.

"अगं, कुणीतरी धरा तिला, पडेल!" सासूबाई म्हणाल्या.

अबेलार्दो मोरेल नावाच्या फोटोग्राफरनं १९९१ पासून घरांच्या, हॉटेलांच्या खोल्या अशाच अंधाऱ्या करून फोटो काढले. सुरुवातीला एकेका फोटोला पाच ते दहा तास लागायचे. आताच्या कॅमेऱ्यात पाच मिनिटांत होतं. भाचीनं तेलाची बाटली स्वतःच्या हातानं उचलून भिंतीजवळच्या टीपॉयवर उलटी उभी केली. त्या घटकेला घरात सरळ दिसणारी वस्तू ती एकटीच, कारण तिच्या मागचं सगळं जगच तिच्यासारखं झालं होतं.

"पाच मिनिटं कुणी हलू नका."

हे दिवाणावर आडवे होते. अंधार झाल्यावर त्यांच्याकडून वेगळी काही अपेक्षा नव्हती. सासूबाई खुर्चीत जपमाळ घेऊन. मुलगा कोपऱ्यात, कानांच्या मध्ये. मी मात्र दूध गॅसवर ठेवून आले होते. मग कुकर लावायचा होता. मग कुकरची शिट्टी बसवली की नाही ते आठवेना. तीनदा आत-बाहेर केलं आणि दर वेळी चादर उचलली की भाची कळवळून म्हणायची, "मावशी, उजेड!"

संध्याकाळी तिनं फोटो लॅपटॉपवर लावला. सुंदर होता, खोटं कशाला बोलू. उलटी इमारत, उलटी बाटली. हे इतके स्वच्छ आले होते की घोरणंही ऐकू यावं. सासूबाई अगदी रेखीव, फक्त माळेवरची बोटं धूसर. समोरच्या काकू टॉवेलसकट गायब.

"मी कुठाय?"

"तू सारखी हलत होतीस ना मावशी. पाच मिनिटांत जो हलतो तो उमटतच नाही." मग उजव्या कडेच्या एका फिकट उभ्या पट्ट्यावर तिनं बोट ठेवलं. "ही चादर उचलल्याची रेघ. म्हणजे ही तू."

माझा चेहरा बघून तिनं समजूत काढायला आणखी एक फोटो दाखवला. १८३८ साली दागेर नावाच्या फ्रेंच माणसानं पॅरिसमध्ये खिडकीतून काढलेला. भर दिवसा, वाहता रस्ता, पण फोटोत चिटपाखरू नाही. घोडागाड्या, माणसं सगळी हलत होती म्हणून उमटलीच नाहीत. कोपऱ्यात एकच माणूस दिसतो. तो बूट पॉलिश करून घ्यायला थांबला होता.

"आणि पॉलिश करणारा?"

तिनं फोटो मोठा करून पाहिला. "तो जरा धूसर आहे."

"वाटलंच."

पुढच्या रविवारी तिनं पुन्हा खिडकी बंद केली आणि मला एकटीला खुर्चीत बसवलं. "काही करू नकोस. नुसती बस." सांगायला लाज वाटते, पण नुसतं कसं बसायचं ते मला आठवेना, हात कुठे ठेवायचे इथपासून सुरुवात. पहिलं मिनिट बरं गेलं. दुसऱ्याला छतावरून एक उलटी रिक्षा गेली. तिसऱ्या मिनिटाला आत कुकरची शिट्टी झाली. मी हलले नाही. दुसरी झाली. डाळीला तीन पुरतात. तिसरी झाली. चौथी.

तो फोटो भाचीच्या कॉलेजच्या प्रदर्शनात लागला. त्यात मी आहे. खुर्ची, साडी, मांडीवरचे हात, सगळं जागच्या जागी, आणि अंगावर समोरची इमारत उलटी पसरलेली. माना तेवढ्या दोन आल्या आहेत: एक कॅमेऱ्याकडे, एक कुकरकडे.

लोक त्याच्यासमोर बराच वेळ थांबत होते. हेही थांबले. हात मागे बांधून, चष्मा वर-खाली करून त्यांनी तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहिला आणि मला हळूच विचारलं, "यात आपली तेलाची बाटली दिसत नाही कुठे?"

ती मी आदल्या रात्रीच डोक्याला लावून संपवली होती.