दाजी, टिंग हायमुळे बाजार पडत नाही

आमच्या दाजींनी एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा भरायची रक्कम, थांबवली. का, म्हणून विचारलं तर फोनवरचा फॉरवर्ड पुढे केला. त्यातला मजकूर असा: हाँगकाँगच्या टीव्हीबी वाहिनीवर ॲडम चेंग या नटाची मालिका लागली की शेअर बाजार कोसळतोच, बड्या पेढीनं हे सिद्ध केलंय, वाहिनीनं घाबरून त्याला काम देणं बंद केलं होतं, आता त्याची नवी मालिका येतेय, तेव्हा सगळं विकून मोकळे व्हा. बँकेत हयात घालवलेला माणूस यावर विश्वास ठेवतो म्हणजे कमाल आहे.

गोष्ट अगदीच हवेतली नाही, हे नाइलाजानं मान्य करतो. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टीव्हीबीनं ‘द ग्रीड ऑफ मॅन’ दाखवली. चेंगनं त्यात टिंग हाय साकारला: लोकांच्या संसाराची राखरांगोळी करायची, वर आपण कसे सज्जन हे ठणकावून सांगायचं, आणि पडत्या बाजारात मंदी खेळून, म्हणजे भाव पडण्यावर पैसे लावून, पोरांसकट गब्बर व्हायचं. त्याच हंगामात हाँगकाँगच्या शेअर बाजाराचा हँग सेंग निर्देशांक खरोखर आपटला. तेव्हापासून तिथले दलाल ‘टिंग हाय इफेक्ट’ म्हणून एकमेकांची टिंगल करतात.

पण तारखा बघा की जरा! हाँगकाँग तेव्हा ब्रिटिशांकडे होतं, १९९७ मध्ये चीनकडे जायचं होतं. तिथले ब्रिटिश गव्हर्नर ख्रिस पॅटन यांनी ७ ऑक्टोबरला निवडणूक सुधारणांचा प्रस्ताव मांडला आणि बीजिंगशी वाजलं. तरीही नोव्हेंबरच्या मध्याला, म्हणजे टिंग हाय रोज रात्री घराघरात थैमान घालत असताना, हँग सेंगनं तोवरचा उच्चांक गाठला. मालिका २७ नोव्हेंबरला संपली. ३० तारखेला चीननं बजावलं की आमच्या संमतीशिवाय केलेले सरकारी करार १९९७ नंतर आम्ही मानणार नाही. खरी पडझड झाली ती त्यानंतर, डिसेंबरच्या सुरुवातीला. करार बुडण्याची भीती सोडून खापर फोडलं ते नटाच्या डोक्यावर. आपल्याकडे निळूभाऊंना बायका रस्त्यात शिव्या घालायच्या, पण सोयाबीनचा भाव पडला तो त्यांच्यामुळे असं कुणी म्हटलं नाही.

आता ‘दर वेळी’बद्दल. फॉरवर्डच्या यादीत मालिका आहेत, सिनेमे आहेत, पुनःप्रक्षेपणं आहेत, जाहिरातीसुद्धा आहेत. एकेक मालिका आठवड्यातून पाच दिवस, महिना-दोन महिने चालते. एवढ्या काळात बाजार एकदाही घसरला नाही, असं कुठल्या देशात होतं? त्यात घसरण आधी झाली तर ‘चाहूल’, नंतर झाली तर ‘परिणाम’. अशा हिशेबानं माझ्या दाढी करण्यालाही बाजार घाबरतो हे सिद्ध करून देतो. आणि यादीत काय नाही? १९७९. त्या वर्षी चेंग टीव्हीबीवरच हातात पंखा घेतलेला देखणा चोर झाला होता, आणि हँग सेंग वर्षभरात ४९५ वरून ८७९ वर गेला. २०१५ चा एप्रिलही नाही. तेव्हा टीव्हीबीनं हीच ‘ग्रीड ऑफ मॅन’ रात्री उशिरा पुन्हा दाखवली, आणि त्याच महिन्यात निर्देशांक सात वर्षांतल्या सर्वांत वरच्या पातळीवर होता. टिंग हाय स्वतः पडद्यावर, तरी बाजार तेजीत!

बड्या पेढीचं म्हणाल तर सीएलएसए या हाँगकाँगच्या दलाली पेढीनं यावर टिपण काढलं होतं, हे खरं. हीच पेढी कित्येक वर्षं चिनी नववर्षाला फेंगशुईवरून बाजाराचं भविष्यही छापायची, गिऱ्हाइकांची करमणूक म्हणून. काम बंद केलं म्हणे! टीव्हीबीच्याच २००४ च्या आणि २०१२ च्या मालिकेत तो प्रमुख भूमिकेत आहे. आणि मार्च १९७३ मधल्या १७७४ वरून डिसेंबर १९७४ मध्ये १५० वर हँग सेंग आला, तेव्हा टिंग हाय कुणाच्या डोक्यातही नव्हता.

बरं, हा इफेक्ट मानणारेही बोलतात ते हाँगकाँगच्या बाजाराबद्दल. दाजींचे पैसे आहेत इथल्या फंडात, भाचीच्या शिक्षणासाठी. त्यांचा त्या नटाशी काय संबंध?

संबंध फॉरवर्डच्या तळाशी आहे. तिथे टेलिग्रामची लिंक आहे: ‘घसरणीत कमवा, पुट ऑप्शनच्या खात्रीशीर टिप्स, पहिला आठवडा मोफत’. पुट ऑप्शन म्हणजे भाव पडण्यावर लावलेली पैजच. आधी घाबरवायचं, एसआयपी मोडायला लावायची आणि सुटलेला पैसा ऑप्शनमध्ये ओढायचा. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्याच अभ्यासात वायदे-ऑप्शन खेळणाऱ्या दहातले नऊ सामान्य गुंतवणूकदार तोट्यात निघाले आहेत.

दाजी, एसआयपीचं रविवारी बसून बघू. तो ग्रुप मात्र आत्ता सोडा.