६५ ओहम की ८८२ ओहम? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. रोध आणि वॅटच्या हिशेबावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया वाचली आणि आधी टेबलावर बल्ब, मीटर मांडून बसलो, म्हणून उत्तराला उशीर झाला.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. व्होल्टेजला करंटने भागलं की रोध मिळतो आणि दोघांचा गुणाकार केला की वॅट मिळतात, असं मी लेखात लिहिलं होतं. त्या हिशेबाने २३० व्होल्ट, ६० वॅटच्या फिलामेंट बल्बचा करंट साधारण ०.२६ अँपिअर आणि रोध ८८२ ओहम येतो. तुम्ही तसाच बल्ब होल्डरमधून काढून त्याला मल्टिमीटर लावलात, तर ६५ ओहम दिसले. ६५ धरून पॉवर काढली तर ८१४ वॅट! ‘सूत्र खोटं की बल्बवरचा आकडा खोटा?’ असं तुम्ही विचारलंत. दुसरा आक्षेप असा, की एका सूत्रात (करंटचा वर्ग गुणिले रोध) रोध वाढला की पॉवर वाढते, दुसऱ्यात (व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध) घटते, आणि मी दोन्ही सूत्रं शेजारी लिहून पुढे गेलो.

दोन्ही आक्षेप रास्त आहेत. मी उदाहरण इस्त्रीचं घेतलं होतं आणि पुढे ‘बल्बसाठीही हेच’ असं एक वाक्य टाकलं होतं. चूक त्या वाक्यात आहे. इस्त्रीची कॉइल नायक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची) असते आणि तापल्यावर नायक्रोमचा रोध फारसा बदलत नाही. १००० वॅटच्या इस्त्रीचा रोध हिशेबाने ५३ ओहम येतो आणि थंड असताना मीटरही त्याच्या आसपासच दाखवतो. बल्बची तार टंगस्टनची. ती पेटल्यावर अडीच हजार अंश सेल्सिअसच्या घरात जाते आणि तिचा रोध थंड असतानाच्या बारा-पंधरा पट होतो. मल्टिमीटर रोध मोजताना स्वतःच्या बॅटरीतून अगदी किरकोळ करंट सोडतो. त्याने तार तापत नाही. म्हणजे ६५ हा थंड तारेचा रोध आणि ८८२ हा पेटलेल्या तारेचा. दोन्ही आकडे खरे आहेत.

आणि तुमचे ८१४ वॅटही खोटे नाहीत. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी तार थंडच असते, तेव्हा बल्ब खरोखर तेवढी पॉवर ओढतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत तार तापते, रोध चढतो आणि करंट साडेतीन अँपिअरवरून पाव अँपिअरवर येतो. जुने बल्ब बटण दाबतानाच का जायचे, याचं एक मोठं कारण हा पहिला झटका.

मी १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब कमी-जास्त करता येणाऱ्या डीसी सप्लायवर लावून पाहिला. ३ व्होल्टला तार जेमतेम लालसर, करंट ०.८ अँपिअर, म्हणजे रोध ३.७५ ओहम. ६ व्होल्टला पिवळट उजेड, १.२ अँपिअर, ५ ओहम. पूर्ण १२ व्होल्टला १.७५ अँपिअर, जवळजवळ ६.९ ओहम. व्होल्टेज चौपट झालं, पण करंट दुपटीच्या थोडाच पुढे गेला. आता ६ व्होल्टची पॉवर बघा. रोध ६.९ च आहे असं धरलं तर ५.२ वॅट येतात, प्रत्यक्षात ६ गुणिले १.२ म्हणजे ७.२ वॅट होते. मला लेखात सांगायला हवं होतं ते हेच: व्होल्टेज आणि करंट एकाच भागाचे, एकाच वेळी मोजलेले हवेत. त्यातून निघणारा रोध त्या अवस्थेतला असतो. ओहमचा नियम शाळेत पाठ करताना ‘वाहकाची भौतिक अवस्था कायम असेल तर’ हे शब्द आपण भरभर म्हणून टाकतो. सगळा मुद्दा त्यांच्यात आहे.

आता दुसरा आक्षेप. करंटचा वर्ग गुणिले रोध आणि व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध, या दोन्ही सूत्रांचं उत्तर एकच येतं. प्रश्न एवढाच, की रोध बदलताना स्थिर काय राहतं? पुरवठ्याचं व्होल्टेज ठरलेलं असेल तर रोध कमी केल्यावर पॉवर वाढते, म्हणूनच १०० वॅटच्या बल्बचा रोध (५२९ ओहम) ४० वॅटच्या बल्बपेक्षा (सुमारे १३२३ ओहम) कमी असतो. पण हेच दोन बल्ब एकसर (एकापाठोपाठ एक) जोडले की दोघांतून करंट एकच जातो आणि तिथे जास्त रोधवाला जास्त पॉवर घेतो. ४० चा बल्ब चांगला उजेड देतो, १०० चा नुसता धुगधुगतो. त्यातही १०० ची तार नीट तापत नसल्याने तिचा रोध आणखी कमी राहतो आणि तफावत वाढते. हा प्रयोग पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला उत्तर उलटं वाटलं होतं, तेव्हा तुमचा गोंधळ मला चांगला समजतो.

एक मर्यादा तुम्ही विचारली नव्हती, तरी सांगतो. एसीवर मोटार असेल तर व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे वॅट नव्हेत, तो व्होल्ट-अँपिअरचा आकडा. २३० व्होल्टवर २ अँपिअर घेणाऱ्या मोटारीचा पॉवर फॅक्टर (खरी पॉवर भागिले व्होल्ट-अँपिअर) ०.७ असेल तर खरी पॉवर ३२२ वॅट, ४६० नाही.

‘चालू बल्बचाच रोध मीटरने मोजून बघतो’ असंही तुम्ही लिहिलंय. कृपा करून ते करू नका. रोधाच्या सेटिंगवरचा मीटर चालू विजेला कधीही लावायचा नाही. करंटच्या सेटिंगवरचा मीटर पुरवठ्याच्या दोन टोकांना थेट लावणं तर शॉर्ट सर्किट करण्यासारखंच आहे, मीटर हातात फुटू शकतो. पडताळून पाहायचं असेल तर १२ व्होल्टचा बल्ब आणि फ्यूज असलेला सप्लाय घ्या. मीटर दोन असले तर उत्तम: एक बल्बला समांतर, एक एकसर, आणि दोन्हींचे आकडे एकदमच लिहून घ्या. लेखातलं ‘बल्बसाठीही हेच’ हे वाक्य मी काढलंय आणि त्या जागी वरचे तीन मोजलेले आकडे घातलेत.