आमरीला ‘औषधी’ म्हणण्याआधी

मे महिन्याच्या अखेरीस भीमाशंकरच्या पायथ्याच्या एका आठवडे बाजारात गोणपाटावर आमरीचे, म्हणजे ऑर्किडचे, ढीग मांडलेले पाहिले आणि तेव्हापासून जी अस्वस्थता मनात आहे, ती इथे लिहीत आहे. त्या ढिगांत ‘सीतेची वेणी’ नावाची आमरी होती. पन्हळीसारखी जाड पाने, जांभळट गुलाबी ठिपक्यांचे लोंबते तुरे आणि सालीच्या खपल्यांसकट ओरबाडून काढलेली पांढरी मुळे. विकणारा तरुण प्रत्येकाला सांगत होता, “हीच रास्ना, गुडघेदुखीला चालते, मोबाईलवर बघा.”

त्याला मी दोष देत नाही, कारण मोबाईलवर ते खरोखरच तसे लिहिलेले असते. पण रास्ना हे आयुर्वेदातले औषध म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, यावर देशभर एकमत नाही. उत्तरेत ‘प्लुचिया’ या झुडपाची पाने, दक्षिणेत कुलिंजनाचे कंद आणि बंगालकडे वांदा या आमरीची मुळे त्या नावाने वापरली जातात. सीतेची वेणी ही वांद्याची नातलग असली, तरी वेगळी वनस्पती आहे. केवळ नावावर विसंबून झाडावरचा अख्खा झुबका उतरवायचा, हे औषधही नव्हे आणि परंपराही नव्हे.

आमरीला अनेक जण बांडगूळ समजतात, पण ती ज्या झाडावर वाढते त्याचा रस शोषत नाही. तिच्या मुळांवर स्पंजासारखे आवरण असते. एरवी ते पांढरे दिसते, पावसाचा पहिला शिंतोडा पडला की ओलावा पिऊन हिरवट होते. तिचे बी धुळीसारखे बारीक असते आणि त्यात कोंबासाठी अन्नसाठा नसतो. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते आणि पुढे फुलोरा यायला कित्येक वर्षे लागतात. ओरबाडलेल्या एका गोणीची भरपाई जंगल पुढच्या पावसाळ्यात करू शकत नाही.

त्याच परिसरातील एका वयस्क महादेव कोळी वैदूबाबांना लेपासाठी आमरीचे मूळ घेताना मी जवळून पाहिले आहे. सालीला घट्ट धरलेल्या मुळांना त्यांनी हात लावला नाही. हवेत लोंबणारे एक मूळ दोन बोटे तोडले आणि त्या झाडाकडे यंदा पुन्हा यायचे नाही, असे नातवाला बजावले. त्या लेपाने किती गुण येतो, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण किती घ्यायचे आणि कुठे थांबायचे, हे त्या विद्येचे अर्धे अंग आहे आणि आपण नेमके तेच गाळून उरलेले पुढे पाठवतो.

जमिनीतल्या आमरींची स्थिती अधिक नाजूक आहे. अष्टवर्ग या आयुर्वेदातील आठ औषधी वनस्पतींच्या गटातील जीवक, ऋषभक, ऋद्धी आणि वृद्धी या चारही हिमालयातील आमरी मानल्या जातात. राजालाही अष्टवर्ग दुर्लभ आहे, असे सोळाव्या शतकातला भावप्रकाश हा आयुर्वेदाचा ग्रंथ सांगतो आणि जीवक-ऋषभकाऐवजी विदारीकंद, तर ऋद्धी-वृद्धीऐवजी वाराहीकंद घ्यावा, असा पर्यायही देतो. सालममिश्री या आमरीच्या वाळवलेल्या कंदांच्या औषधासाठी भरलेला ताजा कंद उपटतात. पुढच्या वर्षीचे रोप त्याच कंदातून येणार असते. आपल्याकडचा अमरकंद, हीसुद्धा जमिनीतली आमरीच, ‘शक्तिवर्धक’ म्हणून याच वाटेने जाऊ नये, असे मला कळकळीने वाटते.

ज्यांची विद्या, त्यांचा वाटा हा प्रश्नही यातच येतो. केरळातील अगस्त्य डोंगरात 1987 साली संशोधकांबरोबर वाटाडे म्हणून गेलेल्या काणी या आदिवासी जमातीच्या माणसांनी थकवा घालवणारी आरोग्यपच्चा ही वनस्पती दाखवली. तिच्यापासून ‘जीवनी’ हे औषध तयार झाले, परवाना शुल्क आणि स्वामित्वधनाचा अर्धा वाटा काणी समाजाला देण्याचे ठरले आणि त्यासाठी 1997 मध्ये विश्वस्त निधी स्थापन झाला. त्या व्यवहारातही उणिवा राहिल्या, पण विद्येचे मालक कोण, हे तिथे निदान मान्य झाले. आपण मात्र ‘आदिवासींचा रामबाण उपाय’ असे शीर्षक देतो आणि त्या आदिवासींचे गाव, जमात, भाषा काहीच सांगत नाही.

म्हणून माझी विनंती आहे. आमरीचा फोटो जरूर टाका, पण झाडाचा नेमका ठिकाणा आणि रोगाचे नाव त्याखाली लिहू नका. बाजारात सालीच्या खपल्यांसकट आलेली आमरी दया म्हणूनही विकत घेऊ नका, कारण पुढच्या आठवड्यात तेवढीच गोणी पुन्हा भरून येते. हौस असेल तर रोपवाटिकेत वाढवलेले रोप घ्या. आणि पावसाळी वाऱ्याने मोडलेल्या फांदीवर आमरी सापडलीच, तर ती घरी न आणता शेजारच्या खरबरीत सालीच्या झाडाला काथ्याने सैलसर बांधा. वैदूबाबांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट हीच होती.