खोदा बिनधास्त, खाली फक्त गॅस आहे

परवा आमच्या गल्लीत ड्रेनेजच्या चेंबरसाठी खड्डा घेताना जेसीबीने गॅसचा पाइप उडवला आणि शेगड्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थंड. मुकादमाचं म्हणणं एकच, "आम्हाला कुणी सांगितलंच नाही." बरोबर आहे. शहरी गॅसवाहिन्यांच्या तांत्रिक आणि सुरक्षा मानकांचे विनियम केंद्राच्या नियामक मंडळाने २००८ सालीच काढले, या धंद्यातले लोक त्यांना 'टी-फोर-एस' म्हणतात. पण ते सगळे पाइप वाचवणाऱ्यांसाठी. फोडणाऱ्यांना कुणी वाली नाही. म्हणून हा प्रपंच.

पहिली गोष्ट, विचारायचं नाही. विचारलं की गॅस कंपनीचा माणूस नकाशा घेऊन येतो, लाइन कुठून गेली ते रस्त्यावर रंगाने आखून देतो आणि खोदकाम संपेपर्यंत तिथेच उभा राहतो. कशाला ही ब्याद? 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं सरकारी ॲप मार्च २०२३ मध्ये आलं, तेही मोबाइलमध्ये घेऊ नका, जागा अडते. फुटपाथच्या कडेला पिवळा रूट मार्कर दिसतो, त्यावर चोवीस तास चालणारा नंबर असतो. त्या खांबाला वाढदिवसाचा फ्लेक्स उत्तम बांधता येतो.

ट्रायल पिट म्हणजे शुद्ध वेळखाऊपणा. संशयित जागी लाइनला आडवा छोटा चर हाताने घ्यायचा, पाइप डोळ्यांना दिसला की मगच मशीन आणायचं, आणि तेही पाइपापासून लांब. शेवटची माती पुन्हा हातानेच. दोन मजूर, दोन-तीन तास. जेसीबीचं भाडं तासावर चालू असताना हे कुणाला परवडणार? त्यापेक्षा अंदाज बांधा. नियमाने पाइपावर साधारण १ मीटर मातीचं कव्हर हवं, आपल्याला खोदायचं ८० सेंटीमीटर, म्हणजे झालंच की! मधल्या वर्षांत रस्ता कितीदा खरवडला आणि पावसाळी गटार बांधताना वरची किती माती गेली, असल्या चौकशा करायच्या नाहीत.

पाइपाच्या साधारण ३० सेंटीमीटर वर प्लास्टिकची वॉर्निंग मॅट अंथरलेली असते. बकेटच्या दाताला तिची चिंधी लागली की थांबू नका, आता मुक्काम जवळ आला. आणि फायबरवाल्यांना तर तीही अडचण नाही. त्यांचं ड्रिल जमिनीखालून आडवं येतं, मॅट वरच राहते, थेट पाइपाचीच गाठ पडते.

दाबाची काळजी करू नका. स्टीलच्या मुख्य वाहिनीत ७ ते ४९ बार, पिवळ्या किंवा नारिंगी पीई (पॉलिइथिलीन प्लास्टिकच्या) पाइपात बहुधा ४ बार आणि तुमच्या शेगडीपाशी २१ मिलीबार. म्हणजे गल्लीतला दाब शेगडीच्या फक्त एकशेनव्वद पट.

शेतातून मोठी वाहिनी गेली असेल तर १९६२ च्या कायद्याने जमीन तुमचीच राहते, पीकही घेता येतं. त्या पट्ट्यात घर, विहीर, तळं आणि झाड तेवढं चालत नाही. तेव्हा श्रीगणेशा विहिरीपासून करावा.

क्लास लोकेशन या शब्दाला मुळीच घाबरू नये. आजूबाजूला वस्ती किती, यावर पाइपाची जाडी आणि चालवायचा दाब ठरतो. डिझाइन फॅक्टर म्हणजे पाइपाच्या ताकदीचा किती हिस्सा वापरायचा तो आकडा. उजाड माळावर ०.७२, बहुमजली इमारतींच्या गर्दीत ०.४०. लाइन टाकली तेव्हा माळ होता, आता टॉवर आहेत. बिल्डरने ब्रोशरमध्ये 'निसर्गाच्या सान्निध्यात' लिहिलंय ना, मग माळच समजा.

आता सगळ्यात महत्त्वाचा धडा. पाइप फुटला नाही, नुसता ओरखडा आला, तर काय करायचं? इकडे तिकडे बघायचं आणि माती ओढायची. फार तर काळी टेप गुंडाळायची. गल्लीतल्या ६३ मिलिमीटरच्या पीई पाइपाची भिंत सुमारे ५.८ मिलिमीटर. जाडीच्या दहा टक्क्यांपेक्षा खोल ओरखडा असेल तर तो तुकडा कापून नवा घालायचा, असा दंडक आहे. दहा टक्के म्हणजे जेमतेम नखाच्या जाडीएवढं! एवढ्यासाठी कोण फोन करतो? पण त्या ओरखड्याच्या टोकाशी ताण एकवटतो, आत दाब अहोरात्र चालूच असतो, बाहेरून तुम्ही भरावात टाकलेला दगड टोचत असतो, आणि भेग रोज कणाकणाने सरकते. स्टीलच्या पाइपाचं कोटिंग सोललं तर तिथे गंज धरतो. कॅथोडिक प्रोटेक्शन, म्हणजे गंज रोखायला पाइपाला दिलेला सौम्य विद्युतप्रवाह, काही काळ निभावून नेतं, पण बकेटने पोचा आणि चर एकाच जागी पाडला असेल तर ते काय करणार? पाइप फुटतो तेव्हा तुमचं बिल निघालेलं असतं, वर डांबर पडलेलं असतं आणि तुम्ही तिसऱ्याच वॉर्डात दुसरा रस्ता फोडत असता. फुटलेला पाइप निदान ओरडून सांगतो. ओरखडा गप्प बसतो, आणि तुम्हीही गप्प बसता. कागदावर याला 'थर्ड पार्टी डॅमेज' असं सभ्य नाव आहे. सभ्यपणा कागदापुरता ठीक आहे, हा शुद्ध हरामखोरपणा आहे.

आणि खरोखर फुटलाच, तर वरून माती लोटून आवाज बंद करणारे महाभाग आहेतच. पाइपातला हा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, उघड्यावर वर निघून जातो. तुम्ही बूच मारलं की तो मातीतून, केबलच्या डक्टमधून, गटारातून आडवा चालतो आणि कुणाच्या तरी तळघरात जमतो. हवेत ५ ते १५ टक्के झाला की ठिणगीची वाट बघतो. वास यावा म्हणून मरकॅप्टन घातलेलं असतं. पेटण्याच्या खालच्या मर्यादेच्या एक पंचमांशाला, म्हणजे हवेत १ टक्का गॅस असतानाच, नाकाला कळलं पाहिजे असा हिशेब आहे. पण मातीतून जाताना माती तो वास शोषून घेऊ शकते. "वास गेला, आता काही नाही" म्हणणाऱ्या शहाण्याने हे नीट वाचावं. इंजिन बंद करा, माणसं वाऱ्याच्या वरच्या बाजूला लांब न्या, खड्डा उघडा ठेवा, फोन करा. व्हिडिओ काढत कडेला उभे राहू नका.

सोसायटीच्या बंधुभगिनींनाही थोडं मार्गदर्शन. रायझरला, म्हणजे इमारतीवर चढणाऱ्या गॅसच्या उभ्या पाइपाला, कपड्यांची दोरी बांधा. मीटर बंद कपाटात कोंबा, दारात हवेला फट ठेवू नका. शेगडीची नारिंगी नळी पाच वर्षांनी बदलायची असते, ती नातवंडांसाठी राखून ठेवा.

आणि लाइन तुटली की कंपनीच्या पोरांच्या अंगावर धावून जा, "अर्ध्या तासाचं काम आहे." दोन्ही बाजूंनी पाइप पिळून बंद करायचा, त्याआधी ओलं फडकं लावून स्थिर वीज उतरवायची, खराब तुकडा कापायचा, टोकं खरवडायची, इलेक्ट्रोफ्यूजन कपलर (विजेने वितळवून दोन टोकं जोडणारा सांधा) तापवायचा आणि तो निवेपर्यंत हलवायचा नाही. मग दाबाची चाचणी, मग लाइनमधली हवा काढणं. त्यानंतर घरोघरी. घरोघरी का? तर तुमच्यातल्या निम्म्यांनी गॅस गेला तेव्हा बर्नरचा नॉब तसाच उघडा ठेवलेला असतो. सप्लाय परत आला की ज्योतीशिवाय गॅस ओट्यावर पसरतो. घरी माणूस नसतो, दाराला कुलूप. मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करा म्हणून ग्रुपवर चार मेसेज येतात, तुम्ही खाली गुड मॉर्निंगची फुलं टाकता!

वॉर्डातल्या साहेबांनो, खोदाईच्या परवानगीवर सही करताना लाइनचा नकाशा सोबत जोडलाय का, एवढं तरी बघता का? खड्ड्याची लांबी, रुंदी आणि डांबराचा खर्च तेवढा बघता. ट्रायल पिटचा फोटो आल्याशिवाय मशीन उतरवू देणार नाही, अशी एक ओळ परवान्यात घालायला कोणाची परवानगी लागते? आणि मुकादम, तुम्हाला सांगितलं नव्हतं हे खोटं आहे. तुमचा जेसीबी ज्या पिवळ्या खांबाला घासून उभा होता, त्यावर नंबर लिहिलेला होता.