पानं छान उलटलीत हो

संगीतकार ब्राम्सची चौथी सिंफनी, मुळात अख्ख्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली, एका पियानोवर दोघांनी बसून वाजवायची म्हणजे चाळीसेक मिनिटांची हमाली. ती उरकून, शर्ट पिळला तर बादली भरेल अशा अवस्थेत मी चहाच्या टेबलापाशी पोचलो. एक काका हातातला समोसा सावरत जवळ आले आणि म्हणाले, "पानं छान उलटलीत हो."

मला वाटलं, ही प्रस्तावना आहे. पुढे काहीतरी येईल. आलं नाही.

"मी वाजवतही होतो," मी म्हणालो.

"असं?" काकांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. "पण वाजवत तर त्या बाई होत्या."

"त्या उजवीकडचं वाजवत होत्या, मी डावीकडचं."

"म्हणजे साथीला."

"साथ नाही हो. आम्ही दोघं मिळून..."

"तेच ते. साथीदाराला आम्ही कमी मानत नाही बरं का!" दंडावर थोपटून झालं. "आज एकच पेटी मिळाली वाटतं?"

काकांचा दोष नाही, दोष पियानोच्या झाकणाचा. ग्रँड पियानोचं झाकण वादकाच्या उजव्या हाताला उघडतं, म्हणून श्रोते त्या बाजूला. वरचे स्वर वाजवणारा वादक, म्हणजे प्रिमो, उजवीकडे, म्हणजे श्रोत्यांच्या अगदी समोर. खालचे स्वर वाजवणारा सेकोंडो, म्हणजे मी, त्याच्या पलीकडे झाकलेला. छापील वहीतही डावं पान माझं आणि उजवं तिचं. पान उलटायचं तर तिचा उजवा हात सुरावटीत अडकलेला. मी मात्र खालचा स्वर दाबून तो पेडलवर, म्हणजे स्वर लांबवणाऱ्या पायपट्टीवर, धरून ठेवू शकतो, म्हणून डावा हात सोडवून, तिच्या नाकासमोरून नेऊन, पानाचा वरचा कोपरा मीच पकडायचा. तेव्हा काकांना माझं जे एकमेव दर्शन घडलं, ते पान उलटतानाच घडलं. साक्षीदार म्हणून काका निर्दोष आहेत.

पेडलही माझ्याकडेच असतं. स्वरसंगती बदलते ती खालच्या स्वरांवर, म्हणून पाय सेकोंडोचा. पण त्या पायाने सांभाळायची सुरावट तिची. पेडल अर्धा क्षण उशिरा उठलं की तिच्या सुरावटीचा चिखल होतो आणि ती माझ्याकडे बघते. वेळेवर उठलं तर कोणीच बघत नाही.

आणि जागा? अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, रुंदी साधारण 122 सेंटिमीटर. त्यात दोन धडधाकट माणसं आणि चार कोपर. खरा तंटा मधल्या सप्तकात असतो, जिथे तिचा डावा हात आणि माझा उजवा हात एकमेकांवर चढतात. कोणाचं मनगट वर आणि कोणाचं खाली हे तालमीतच ठरवून वहीत पेन्सिलने लिहावं लागतं. नाहीतर ऐन कार्यक्रमात नखं लागतात. त्याहून वाईट म्हणजे दोघांना लागोपाठ एकच पट्टी हवी असते. मी ती लिहिल्याप्रमाणे पूर्ण मात्राभर धरून बसलो, तर तिच्या बोटाखाली ती आधीच खाली गेलेली असते आणि तिचा स्वर वाजतच नाही. म्हणून मी लवकर सोडायची. अर्धवट वाजवलेल्या माझ्या स्वरांची यादी केली तर वेगळी सिंफनी होईल.

या सिंफनीचं चार हातांचं रूप ब्राम्सने स्वतःच करून ठेवलं आहे, त्यामुळे शिव्या घालायला मधला माणूसही नाही. वाद्यवृंदातला हॉर्नवाला एक स्वर चार मापं, म्हणजे तालाची चार आवर्तनं, धरतो, पियानोचा स्वर दाबल्याक्षणीच मरायला लागतो. तिसऱ्या भागात ट्रँगल किणकिणतो, तो आणायचा कुठून? आणि शेवटच्या भागात आठ मापांची एक मूळ सुरावट आणि त्यावर तीस व्हेरिएशन्स, म्हणजे तिचीच बदललेली रूपं. बाराव्यात बासरीचं एकल येतं. ते अर्थातच प्रिमोला. सभागृह श्वास रोखतं. मी खाली हळूहळू स्वरसमूह ठेवत असतो, एखाद्या लग्नात पाटांवर पत्रावळी मांडाव्यात तसे.

हीच सिंफनी 1885 मध्ये व्हिएन्नात मोजक्या मित्रांना पहिल्यांदा ऐकवली गेली, ती ब्राम्स आणि इग्नाझ ब्रुल यांनी. दोन पियानोंवर, म्हणजे कोपरांचा प्रश्नच मिटला. पानं उलटायला समीक्षक एडुआर्ड हान्सलिक होता. पहिला भाग संपल्यावर तो म्हणाला की दोन भयंकर हुशार माणसांनी आपल्याला बडवून काढल्यासारखं वाटतंय. आज सव्वाशेहून जास्त वर्षांनीही लोक हा किस्सा सांगतात. पानं उलटणारा अमर झाला. ब्रुलचं नाव ऐकलंय कोणी? बिचाऱ्याने स्वतः ऑपेरा वगैरे लिहिले होते.

काकांचा समोसा संपला होता. रुमालाला हात पुसत त्यांनी विचारलं, "पुढच्या महिन्यात आमच्या नातीची पियानोची परीक्षा आहे. पानं उलटायला याल का? तुमचा अंदाज अचूक आहे हो, एकदासुद्धा चुकला नाहीत."

दोन तासांत माझ्याविषयी कोणी काढलेला हा एकमेव चांगला शब्द होता. मी नंबर दिला. पानं उलटणाऱ्याला निदान वेगळी खुर्ची मिळते.