ती पळून का नाही गेली, हे मला पुन्हा विचारू नका

आता बास. ‘द हँडमेड्स टेल’ ही मालिका बघताना माझ्या शेजारी बसून ज्यांनी ज्यांनी तिच्या नायिकेला, जूनला, “ही बाई मूर्ख आहे” म्हटलंय, त्या सगळ्यांवरचा राग आज एकदम बाहेर येतोय आणि मी तो आवरणार नाहीये.

परवा दुसऱ्या सीझनचा शेवटचा एपिसोड लावला होता. बघणारे आम्ही चौघं. गिलियड म्हणजे अमेरिकेची सत्ता बळकावून बायकांना मुलं जन्माला घालण्यासाठी ‘हँडमेड’ करणारी राजवट; जून तशीच एक हँडमेड. तिथल्या घराघरांत राबणाऱ्या मोलकरणी, म्हणजे मार्था, एकमेकींना निरोप देत, या घरातून त्या घरात करत जूनला तान्ह्या बाळासकट बाहेर काढतात. पकडल्या गेल्या तर त्यांना भिंतीवर टांगतील, हे त्यातल्या प्रत्येकीला माहीत आहे. ट्रक येतो. जून बाळ एमिली या दुसऱ्या हँडमेडच्या हातात देते आणि स्वतः चढत नाही. माझा श्वास अडकला होता आणि तेवढ्यात कुणीतरी रिमोट उचलून पॉज केलं. “लॉजिकच नाही! एवढं करून ही परत जाते? कोण करेल असं?” मग अर्धा तास तोच काथ्याकूट. तिची मोठी मुलगी हॅना अजून आत आहे, हे त्या अर्ध्या तासात एकाच्याही तोंडून निघालं नाही. मी सांगितलं तर म्हणे, “हो, पण आधी स्वतः सुटायचं, मग मुलीचं बघायचं.” उचलली जीभ लावली टाळ्याला.

अरे, तीन एपिसोड मागे जा ना! एका ओसाड घरात, बर्फात, जूनला हॅनाशी काही मिनिटं भेटू देतात. मुलगी आधी तिच्या जवळसुद्धा येत नाही. मग विचारते, तू मला शोधलंस का? त्या प्रश्नानंतर ती बाई ट्रकमध्ये चढूच कशी शकेल? उत्तर मालिकेनं तिथे देऊन ठेवलंय, डोळ्यांसमोर. पण तो प्रसंग चालू असताना हेच लोक मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते, मी स्वतः पाहिलंय. आणि आता मला लॉजिक शिकवतायत.

“शुद्धीवर असलेला कुणी सुटल्यावर परत जात नाही,” हे तर ठासून सांगितलं मला. हॅरिएट टबमन कोण होती, ठाऊक आहे? १८४९ मध्ये ती मेरीलँडच्या गुलामगिरीतून निसटली. सुटली होती, स्वतंत्र झाली होती. आणि त्यानंतर सुमारे १३ वेळा परत गेली, आपल्या माणसांना आणायला. ७० च्या आसपास लोकांना तिनं बाहेर काढलं. मालिका अमेरिकेतच घडते. ज्या मातीत हे खरोखर घडलं, तिथली गोष्ट सांगताना एक आई मागे वळते, तर त्याला तुम्ही कथानकातली चूक म्हणता?

आणि ‘पळून का नाही गेली’ हा प्रश्न तर मला आता ऐकवतच नाही. पहिल्या एपिसोडचा पहिला प्रसंग कुठला आहे? जून, तिचा नवरा ल्यूक आणि हॅना गाडीतून कॅनडाकडे पळतायत. मालिका सुरूच पळण्यापासून होते! मग दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला ती पुन्हा निसटते, बॉस्टन ग्लोबच्या रिकाम्या इमारतीत कित्येक आठवडे लपून राहते. तिथल्या भिंतीवर गोळ्यांच्या खुणा आहेत, पत्रकारांना तिथेच उभं करून मारलेलं आहे. मग छोट्या विमानापर्यंत पोहोचते आणि विमानात बसल्यावर पकडली जाते. तिला आसरा देणारा ओमार फासावर जातो, त्याच्या बायकोला हँडमेड करतात, त्यांचा मुलगा दुसऱ्यांच्या घरी देतात. हँडमेड्सवर देखरेख करणारी आंट लिडिया जूनला त्या प्रेतासमोर उभी करून हे एकेक करून ऐकवते आणि दोष तुझाच आहे म्हणून तिच्याकडून वदवून घेते. यानंतर ती काही दिवस बाहुलीसारखी वागते. तर आमच्याकडे टीका काय? “हिचं कॅरेक्टर अचानक ढिलं पडलं.” ढिलं? तिला आतून मोडलंय, तुमच्या डोळ्यांसमोर!

मला हे समजत नाही की प्लॉट होल आणि ‘मी असतो तर असं केलं नसतं’ यातला फरक लोकांना का कळत नाही. गोष्टीनं स्वतःच घातलेला नियम गोष्टीनंच मोडला, तर ती चूक. पात्रानं तुमच्या मनासारखं केलं नाही, ही चूक नव्हे. पोट भरलेलं आहे, दार आतून बंद आहे, हातात रिमोट आहे, हवं तेव्हा थांबवून विचार करायला वेळ आहे. तिच्याकडे यातलं काय आहे? उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि वर त्याला विश्लेषण म्हणायचं.

दुसरा लाडका मुद्दा, “असं एवढ्या झटपट होऊच शकत नाही.” एका दिवसात बायकांच्या नोकऱ्या जातात, खाती गोठतात, पैसे नवऱ्याच्या नावे होतात, हे अतिरंजित आहे म्हणे. मार्गारेट ॲटवुड यांनी १९८५ ची मूळ कादंबरी लिहिताना नियमच केला होता की माणसांनी कुठे ना कुठे आधी केलेलं नाही असं काहीही त्यात घालायचं नाही. हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय. अमेरिकेत पतपुरवठ्यात बाईला बाई म्हणून डावलायला बंदी करणारा कायदा १९७४ साली आला. त्याआधी नवऱ्याची सही मागून बाईला परत पाठवणं चालत होतं. मालिका २०१७ मध्ये सुरू झाली, म्हणजे मधे जेमतेम ४३ वर्षं. रुमानियात १९६६ च्या फर्मानानं गर्भपातावर बंदी घातली आणि नंतर बायकांना कामाच्या ठिकाणी तपासायला डॉक्टर पाठवले. हे १९८९ पर्यंत चाललं आणि बेकायदा गर्भपातांत हजारो बायका मेल्या. अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ या लष्करशाहीच्या काळात गरोदर कैदी बायकांना बाळंत होईपर्यंत जिवंत ठेवलं, मग मारलं आणि बाळं सत्तेच्या मर्जीतल्या घरांत वाटली. सुमारे ५०० मुलं. हे मी सांगितल्यावर खोलीत कुणी काही बोललं नाही, आणि दोन मिनिटांनी पुन्हा, “तरी पण जरा ओव्हर वाटतं.”

तिसऱ्या सीझनमध्ये नॅटली या हँडमेडला मेंदू मेल्यावरही केवळ पोटातल्या बाळासाठी यंत्रांवर ठेवतात. तो एपिसोड बघताना एकजण म्हणाला, “हे मेडिकली आणि लॉजिकली फालतू आहे.” २०१३ च्या शेवटी टेक्सासमध्ये एका मेंदू मृत झालेल्या गरोदर बाईला नवऱ्याचा विरोध असताना सुमारे दोन महिने यंत्रांवर ठेवलं होतं. २०१४ च्या जानेवारीत कोर्टानं आदेश दिला तेव्हा यंत्रं काढली. फालतू नाही ते. एका घराचं वाटोळं होतं.

जून ज्या कमांडर वॉटरफर्डच्या (कमांडर म्हणजे गिलियडचे सत्ताधारी) घरी हँडमेड असते, त्याची बायको सेरीना. तिच्याबद्दलची भांडणं तर संपतच नाहीत. ती चांगली की वाईट, एकदा ठरवा म्हणे. हिनंच पुस्तक लिहिलं, भाषणं दिली, बायकांची जागा घरात म्हणून सांगितलं. मग तीच मुलींना वाचू द्या म्हणून कमांडरांसमोर बायबल वाचते आणि बोट कापून घेते. “कॅरेक्टर कन्सिस्टंट नाही.” अमेरिकेतल्या फिलिस श्लाफ्ली यांचं आयुष्य बघा. समान हक्कांच्या घटनादुरुस्तीविरुद्ध १९७२ पासून देशभर फिरल्या, गृहिणीपणाची बाजू मांडली आणि स्वतः पुस्तकं लिहिली, निवडणुका लढवल्या, १९७८ मध्ये कायद्याची पदवी घेतली. माणसं अशीच असतात. सेरीनाला आपण बांधलेला पिंजरा इतरांसाठी आहे असं वाटत होतं. बोट गेल्यावरही ती सुधारत नाही, पुन्हा घसरते, पुन्हा क्रूर होते. हे मला सगळ्या मालिकेतलं सर्वांत खरं लिखाण वाटतं आणि त्यालाच दोष दिला की माझं डोकं फिरतं.

जूनचा प्रियकर निक, त्याचंही तेच. सहाव्या सीझनमध्ये तो जेझेबेल्स या कमांडरांच्या कुंटणखान्यातला बंडखोरांचा बेत फोडतो, तिथल्या बायका गोळ्यांनी मरतात आणि लोक म्हणतात, आमचा निक असा नव्हता, लेखकांनी त्याचं वाटोळं केलं. तो पहिल्या सीझनपासून गिलियडचा हेर आहे, नंतर कमांडर होतो, आणि फक्त जूनसाठी हळवा असतो. तुम्हाला देखणा चेहरा आवडला, बाकीचं तुम्ही बघितलंच नाही.

गिलियडची अर्थव्यवस्था कशी चालते, डॉलरचं काय झालं, बाकीचं जग गप्प का, यावर तास तास घालवणाऱ्यांना मी काही म्हणत नाही. घालवा. ते निदान कुणाच्या दुःखाची टिंगल करत नाहीत.

आणि मालिकेत चुका नाहीत असं मी कुठे म्हणतेय? आहेत, आणि त्या मला खुपतात. तिसऱ्या सीझनच्या शेवटी जून ८६ मुलांना विमानानं कॅनडाला पाठवते. गिलियडसाठी याहून मोठा गुन्हा नाही. बाकीच्यांना वाचलं, प्रेम केलं, प्रश्न विचारला एवढ्यावरून मारणारी राजवट तिला मात्र प्रत्येक वेळी जिवंत ठेवते, कारण ती नायिका आहे. हा नियम मालिकेनं स्वतः घातला आणि स्वतः मोडला. इथे पकडा ना लेखकांना! पण इथे तुम्ही टाळ्या वाजवता, कारण इथे ती जिंकत असते. चौथ्या सीझनमध्ये पळताना आल्मा आणि ब्रियाना या हँडमेड रेल्वेखाली जातात, क्षणात, नीट निरोपही न घेता. पहिल्या सीझनपासून सोबत असलेल्या दोघी. जून आणि जनीन ही आणखी एक हँडमेड, तेवढ्या पलीकडे पोहोचतात. त्या दोघींबद्दल आमच्या खोलीत एक वाक्य निघालं नाही. हॅनाला सांभाळणारी मार्था फ्रान्सिस जूनच्या धडपडीपायी फासावर जाते, तिचंही नाव कुणाला आठवत नाही. जूनच्या हट्टाची किंमत या बायका मोजतात, यावर वाद घाला की. मी रात्रभर बसते तुमच्यासोबत.

पण नाही. शेवटचा एपिसोड संपला, बॉस्टन सुटलंय, जून जळक्या वॉटरफर्ड घरात तिच्या जुन्या खोलीत खिडकीपाशी बसून आपली गोष्ट सांगायला लागते, मी रडतेय, आणि शेजारून आवाज येतो, “सहा सीझन, ६६ एपिसोड, आणि मुलगी मिळालीच नाही. मग एवढं कशाला बघितलं?”

अर्जेंटिनातल्या त्या मुलांच्या आज्यांनी १९७७ मध्ये एकत्र येऊन शोध सुरू केला. १३० हून जास्त नातवंडं सापडली, काही तर चाळिशी उलटल्यावर. बाकीची अजून सापडलेली नाहीत. त्यातल्या बऱ्याच आज्या वाट बघत गेल्या आणि उरलेल्यांचा शोध आजही चालू आहे. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “ते खरं आयुष्य झालं, मी कथेबद्दल बोलतोय.”

मी रिमोट त्याच्या हातातून काढून घेतला आणि त्याला खोलीबाहेर जायला सांगितलं.