उद्या गोळी आहे

'उद्या गोळी आहे.' पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एवढे तीन शब्द टाकले की दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग गैरहजर असतो आणि उरलेला निम्मा उपाशी आलेला असतो. कसली गोळी, कुणाला, खाऊन यायचं की रिकाम्या पोटी, यातलं आपण काहीच सांगितलेलं नसतं. शिवाय 'उद्या' म्हणजे कधी? मी निरोप संध्याकाळी टाकला आणि बापानं तो सकाळी डेअरीवर दुधाच्या रांगेत वाचला, तर त्याची उद्या माझ्या परवावर जाते. तो बिचारा गोळीच्या भीतीनं पोराला घरी ठेवतो तोही चुकीच्या दिवशी.

म्हणून सातारा तालुक्यातल्या आमच्यासारख्या दोन-तीन शिक्षकी शाळेत 'आज', 'उद्या', 'परवा' हे शब्द निरोपातून हद्दपार करावेत, असं माझं ठाम मत आहे. वार, तारीख, वेळ. एका निरोपात एकच गोष्ट. पाच ओळींच्या आत, कारण लांबलचक निरोपाचं शेपूट 'आणखी वाचा'च्या खाली लपतं आणि नेमकं त्या शेपटातच 'डबा आणू नये' लिहिलेलं असतं. फळ्यावर खडूनं लिहून फोटो टाकू नये. खिडकीचा उजेड बरोब्बर तारखेवर पडतो. निरोप टाकायची वेळ संध्याकाळी साडेसात. त्याआधी धारा असतात, त्यानंतर मालिका.

आणि तारीख चुकली तर? खाली 'वरील तारीख चुकीची आहे' असं लिहून उपयोग नाही. चुकीचा निरोप आधी सगळ्यांसाठी डिलीट करायचा, मग नवा टाकायचा. नाहीतर पहिला निरोप तोवर भावकीच्या ग्रुपवर पोचलेला असतो आणि दुरुस्ती शाळेच्याच ग्रुपवर बसून राहते. ग्रुप सगळ्यांना खुला ठेवला तर शुभ सकाळ, बारशाचं आमंत्रण आणि हरवलेली शेळी यांच्या ढिगाऱ्याखाली सहलीची सूचना गाडली जाते. फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं केलं तर प्रत्येक जण स्वतंत्र फोन करून विचारतो, "मॅडम, ग्रुपवर काय टाकलंय?" मी दुसरा त्रास पत्करते. त्यात निदान शेळी शोधावी लागत नाही.

अंगठ्याला भुलू नये. अंगठा म्हणजे 'वाचलं' नव्हे; अंगठा म्हणजे 'मोबाइल हातात होता'.

खरी गंमत फोन नंबरांची. हजेरीपटावर नंबर असतो वडिलांचा, आणि वडील असतात शिरवळच्या कंपनीत रात्रपाळी करून झोपलेले, नाहीतर पुण्यात. आई शेतात, तिचा फोन घरी चार्जिंगला. म्हणून जूनमध्ये तीन नंबर घ्यावेत: आईचा, वडिलांचा आणि दहा मिनिटांत शाळेच्या दारात उभं राहील अशा कुठल्याही माणसाचा. तिसरा सगळ्यात मोलाचा. तो बहुतेक वेळा चुलत्याचा किंवा किराणा दुकानदाराचा निघतो. दिवाळीनंतर तिन्ही पुन्हा तपासायचे. रिचार्जच्या ऑफरबरोबर माणसं नंबर बदलतात.

तो तिसरा नंबर लागतो साधारण साडेबाराला. कारण सकाळी साडेआठला पोराला पॅरासिटॅमॉल पाजून 'ताप नाही आता' म्हणून शाळेत धाडलेलं असतं. औषधाचा असर चार ते सहा तास. परिपाठाला पोर 'जन गण मन' खणखणीत म्हणतं, दुसऱ्या तासाला बाकावर डोकं टेकतं आणि खिचडीच्या वेळेला तापतं. तोवर त्यानं शेजाऱ्याच्या पट्टीपासून पाण्याच्या ग्लासापर्यंत सगळं वाटून घेतलेलं असतं. निरोपात म्हणून 'ताप असल्यास पाठवू नये' असं कधीच लिहू नये, कारण घरातून निघताना ताप नसतोच. लिहायचं असं: औषध न देता पूर्ण 24 तास ताप नसेल तरच पाठवा.

आता सगळ्यात नाजूक विषय. उवा.

एका डोक्यात ऊ दिसली तरी निरोप पूर्ण वर्गाला जातो, आणि तो लिहिणं म्हणजे सोयरीक मोडल्याचं कळवण्याइतकं जिकिरीचं. नाव घ्यायचं नाही, 'काही मुलींच्या' असंही म्हणायचं नाही. प्रत्येक आई त्या 'काही'मध्ये शेजारणीची पोरगी बसवते. प्रत्येक घराचं उत्तर ठरलेलं: "आमच्यात नव्हत्या, शाळेतनं आल्या." शाळेत त्या कुठून आल्या, यावर सगळे गप्प. त्यातून ऊ काही उडी मारत नाही की उडत नाही. ती चालत जाते, डोक्याला डोकं लागलं की. दोन मैत्रिणी एकाच पुस्तकावर वाकल्या की पूल तयार. म्हणजे ज्या वर्गात वाचन चांगलं, तिथं उवांचा धोका जास्त, हे वरिष्ठांना कळवायची हिंमत मात्र अजून झालेली नाही.

उपाय फसतो तो एकाच जागी. आई मेडिकलमधून परमेथ्रिनचं लोशन आणते, बाटलीवरचं वाचून दहा मिनिटं ठेवून धुते, मेलेल्या उवा बघून समाधान पावते आणि बाटली फळीवर ठेवून देते. लिखा मात्र केसाला चिकटून जिवंत असतात. त्या सात ते दहा दिवसांत फुटतात, आणि दोन आठवड्यांनी आई शाळेत येते: "बघा, परत दिलं पोरींनी." म्हणून निरोपात दोन तारखा लिहाव्यात. पहिली धुण्याची आणि नवव्या दिवशीची दुसरी, वारासकट. घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी बघायची, आजीचंही. मधल्या दिवसांत ओल्या केसांत बारीक दातांची फणी मुळापासून टोकापर्यंत फिरवायची आणि दर वेळी पांढऱ्या फडक्याला पुसायची. रॉकेल अजिबात नाही, चुलीजवळ तर नाहीच नाही.

बाकीचे निरोप त्या मानानं सोपे. डोळे आले तर वेगळा टॉवेल, आणि नुसतं बघून डोळे येत नाहीत, म्हणून काळ्या गॉगलची गरज नाही. 3 जानेवारीला 'मुलींनी सावित्रीबाईंच्या वेषात यावे' असं लिहिलं की चौदाच्या चौदा मुली सावित्रीबाई होऊन येतात आणि त्यांच्या सहकारी फातिमाबी शेख व्हायला कुणी उरत नाही. सावित्रीबाईंचं जन्मगाव नायगाव आपल्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे माघारही कुणी घेत नाही. नावं आधी वाटून द्यावीत. पोषण आहारात पहिली ते पाचवीला 100 ग्रॅम धान्य मिळतं, ते कच्चं, हेही सांगून ठेवावं. नाहीतर एखादे आजोबा ताटलीतली शिजलेली खिचडी हातात तोलून बघतात.

पुन्हा गोळीकडे. गोळ्या दोन प्रकारच्या आणि गोंधळ एकच. जंताची गोळी अल्बेंडाझोल, 400 मिलिग्रॅम, वर्षातून दोनदा, शाळेतच आमच्यासमोर चावून खायची. आजारी पोराला त्या दिवशी देत नाहीत. बरं झालं की मॉप-अपच्या, म्हणजे राहिलेल्यांना गोळी द्यायच्या दिवशी. पोटात जंत जास्त असतील तर थोडी मळमळ, थोडं दुखणं होतं. पाणी पाजून सावलीत आडवं केलं की बहुधा निवळतं. हे आदल्या आठवड्यातच सांगितलं तर पालक म्हणतात 'जंत मरतायत'. नंतर सांगितलं तर म्हणतात 'पोरं मरतायत'.

दुसरी लोहाची. गुलाबी, आठवड्यातून एकदा, सोमवारी, खिचडीनंतर. तिच्यावर लगेच चहा नको, लोह अंगाला लागत नाही, लिंबू चालतं. आणि एक गोष्ट निरोपात राहिली तर मंगळवारी फाटकावर मोर्चा ठरलेला: शी काळी होते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सभ्य भाषेत 'शौचाचा रंग गडद होऊ शकतो' असं लिहून बघितलं. कुणालाच कळलं नाही.

कळलं ते एका आजीमुळे. नातीला न्यायला रोज सव्वाचारला फाटकावर येतात, मोबाइल नाही. त्यांना तोंडी सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथं वळून सगळ्या बायकांना ऐकवलं: "सोमवारी गुलाबी गोळी. पोट भरल्यावर देत्यात. च्या पाजू नका. शी काळी झाली तर बोंबलत शाळंत येऊ नका." चार वाक्यं, वार पहिला, एकही 'उद्या' नाही. मी तेच शब्द जसेच्या तसे ग्रुपवर टाकले, फक्त 'बोंबलत' काढलं.

मग आजी जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आन् बाई, ती गुलाबी गुडघ्याला चालंल का? एखादी उरली तर बघा."